आत्म्याला पासवर्ड लागत नाही

डॉक्टरसाहेब, आरोप तुमच्यावर आहे. सभागृहाच्या परवानगीवर सही तुमची होती आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्चीही तुमचीच. शहराचं आरोग्य ज्याच्या हवाली, त्यानं हात जोडले, म्हणून मागच्या तीनशे लोकांनी जोडले.

टेबलावर एक जुना लॅपटॉप होता. त्यामागे मौनी महाराज. नावातच काय ते मौन. आत्म्याच्या लहरींना अडथळा नको म्हणून सगळ्यांचे फोन दारातल्या टोपलीत जमा झाले होते.

"बघा, वायर नाही, पेन ड्राइव्ह नाही," महाराज म्हणाले. "आत्म्याला पासवर्ड लागत नाही."

आणि चार महिन्यांपूर्वी गेलेला माणूस स्वतःच्याच लॅपटॉपमधून बोलला, "अगं, ऐक. ते औषध घेऊ नकोस."

त्याच्या बायकोनं घरी जाऊन इन्सुलिन कचऱ्यात टाकलं.

तिची लेक सभागृहात शेजारीच होती. गल्लीत तिला दुरुस्तीवाली म्हणत. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून त्यांचं दुरुस्तीचं दुकान तीच सांभाळायची. तिनं पुढे होऊन लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. आवाज पुन्हा आला. अण्णांचाच, खाकरण्यासकट. ती मागे सरली.

"आता काय बंद करतेस, पोरी? बापाचं तोंड?" महाराजांनी विचारलं. लोक हसले. साहेब, तुम्हीही हसलात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईची साखर इतकी वाढली की मीटरला मोजता येईना. जीभ कोरडी, दोन शब्द बोलली की दम.

"आई, दवाखान्यात चल. तुझ्या पाया पडते."

"यांनी नको म्हटलंय. आज पुन्हा बैठक आहे. ते घे म्हणाले तर घेईन."

दुरुस्तीवालीनं अण्णांचा तो लॅपटॉप घरून दुकानात नेला. अण्णांची शिकवण साधी होती: एकेक गोष्ट बंद करायची आणि दर वेळी कान द्यायचा. तिनं एकच बंद केली होती आणि घाबरून हात टेकले होते. त्या लॅपटॉपवर अण्णांनी ओपन सोर्स प्रणाली टाकलेली. "ज्याचं पोट उघडून बघता येतं, त्याच्यावर भरवसा ठेवावा," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. तिनं पोट उघडलं. यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं. बैठकीच्या वेळेसमोर लिहिलं होतं, ब्लूटूथवरून एक फोन जोडला, त्याचा आवाज स्पीकरवर सोडला. वायफाय बंद केलं तरी ब्लूटूथ चालूच राहतं.

"आई, हा कुणाच्या हातात दिला होतास?"

"महाराजांच्या चेल्याच्या. शुद्धीसाठी अर्धा तास घेऊन बसला होता. माझा फोनसुद्धा."

"शुद्धी चांगली केली मेल्यानं."

"त्यांच्याबद्दल असं बोलू नये," आई म्हणाली आणि भिंतीला टेकली.

संध्याकाळी आईला शेजारच्या दोघींनी धरून सभागृहात आणलं. लेकीनं लॅपटॉप पुन्हा टेबलावर ठेवला आणि ती त्याच्याजवळच उभी राहिली. ब्लूटूथच्या यादीत एक अनोळखी फोन जोडलेला दिसत होता.

"पुन्हा आलीस?" महाराज म्हणाले. "घे, कर बंद."

"अगं, ऐक," अण्णा म्हणाले, आणि तिनं त्या फोनची जोडणी तोडली.

आवाज थांबला. महाराज चेल्याकडे बघू लागले. चेल्यानं घाईनं अंगरख्यात हात घातला, चाचपडत बटण दाबलं. अण्णा पुन्हा बोलले. या वेळी चेल्याच्या छातीतून.

"अगं, ऐक. ते औषध घेऊ नकोस."

आई उठली. "हा तर माझ्या फोनवरचा यांचा जुना निरोप," ती म्हणाली. "मी तेव्हा माहेरी होते. पुढंही काहीतरी आहे." टोपलीतून तिनं आपला फोन काढला आणि निरोप लावला.

"अगं, ऐक. ते औषध घेऊ नकोस, त्याची तारीख उलटलीय. मी नवीन घेऊन येतोय. ते मात्र एक दिवसही चुकवू नकोस."

लेकीच्या पिशवीत नवं इन्सुलिन होतंच. आईनं तिच्यासमोर बाही वर केली. "दे सुई. मग चल, तू म्हणतेस त्या दवाखान्यात."

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी त्याच हातांनी एकेक गोष्ट बंद करून बघा. एवढंच.

साहेब, तुम्ही मागच्या दारानं गेलात. महाराजांचा पुढच्या बैठकीचा अर्ज अजून तुमच्या टेबलावर आहे, म्हणून हे सगळ्यांदेखत विचारायचं आहे. तुम्ही डॉक्टर आहात. इन्सुलिन बंद केलं की माणसाचं काय होतं, हे हसताना तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? उत्तर द्या.