एकोणीसशे पौंड मटण

अमेरिकन नौदलाच्या दप्तरात माझ्या नावावर बुडवलेलं एकही जहाज नाही. जहाज सोडा, साधी होडीसुद्धा नाही. मात्र एकोणीसशे पौंड मटण मी एकट्याने समुद्राच्या तळाशी पाठवलं, आणि त्याच्यापाठोपाठ ऐंशी माणसं पाठवायची फक्त बाकी ठेवली होती. त्या ऐंशीत मीही होतो, म्हणून थोडी काळजी घेतली.

साल चव्वेचाळीस. आमच्या पाणबुडीचं नाव लंपफिश. नौदल पाणबुड्यांना माशांची नावं देई. देखणे, चपळ मासे आधीच्या बोटींनी पटकावले, आणि आमच्या वाट्याला हा गोळ्यासारखा बेढब मासा आला. मी तिच्यावर बेकर होतो. नाव व्हर्लिन स्टकी, गाव नेब्रास्कात. तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागेपर्यंत जोडे झिजतात. वजन दोनशे दहा पौंड. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

पाणबुडीवर नुसतं राहिलं म्हणून कुणी पाणबुडीचा होत नाही. बाहीवर दोन डॉल्फिनांचं कापडी चिन्ह लागतं. त्यासाठी बोटीतली एकूण एक झडप, नळी आणि टाकी तोंडपाठ असावी लागते; मग तुम्ही टॉर्पेडो सोडणारे असा की पाव भाजणारे. परीक्षा घ्यायचे लेफ्टनंट अॅम्सडेन. बोट पाण्याखाली तोलून धरायचं कामही त्यांचंच. माणूस काटकुळा, बोलणं मोजकं, हातात कायम हिशेबाची पाटी. मी त्यांच्यापुढे तीनदा बसलो आणि तीनदा एकाच प्रश्नावर आपटलो: बोटीच्या एका टोकाचं वजन घटलं, तर काय करशील? पहिल्यांदा मी म्हणालो, तुम्हाला सांगेन. दुसऱ्यांदा म्हणालो, देवाला सांगेन. तिसऱ्यांदा उत्तर घोकून गेलो होतो, पण घाबरून तोंडातून पावाच्या पिठाचं प्रमाण बाहेर पडलं.

कॅप्टन प्रुएट तेहतीस वर्षांचे होते, म्हणून आम्ही सगळे त्यांना म्हातारा म्हणायचो. म्हाताऱ्याने मला बजावलं होतं की ही फेरी संपेपर्यंत डॉल्फिन मिळाले नाहीत, तर ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात उतरायचं आणि तिथल्या नौदल तळाच्या स्वयंपाकघरात रुजू व्हायचं.

यात दुखणं एवढंच की डॉल्फिन मला मिळाल्याचं मी घरी आधीच कळवून बसलो होतो. गावातल्या धान्याच्या कोठारात आर्डिथ नावाची मुलगी कारकून होती. तिला मी डॉल्फिनवाला फोटो पाठवला, त्यातला सदरा टॉर्पेडोवाल्या टॅकेटचा. तिचं उत्तर आलं की फोटो झकास आहे, पण खिशावर छापलेला हा टॅकेट कोण? मी लिहिलं, माझा सदरा धुवायला गेलाय, पुढचा फोटो त्यात काढतो. तिने उलट टपाली लिहिलं, वाट बघते. ही बाई रोज पोत्यांची वजनं तपासायची. तिला फसवणं सोपं नव्हतं.

आता मटण. ऑस्ट्रेलियाने आम्हाला बंदर दिलं, बिअर दिली आणि डब्यातलं मेंढीचं मटण दिलं. पहिल्या दोन गोष्टींसाठी आम्ही जन्माचे ऋणी आहोत. त्या मटणाला ओल्या घोंगडीचा वास यायचा, आणि बंद बोटीत वास जाणार कुठे? तो माणसांच्या उश्यांत जाऊन राहायचा. अडतीस खोकी, एकेक पन्नास पौंडांचं, मागच्या टॉर्पेडो खोलीत रचलेलं. तिथली माणसं त्याच खोक्यांवर झोपायची.

टॅकेट हा त्या खोलीचा मुकादम, केंटकीचा, दात तंबाखूने पिवळे. एक दिवस त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू हे मटण घालव, मी तुला अॅम्सडेनच्या प्रश्नाचं उत्तर शिकवतो. मी म्हणालो, सरकारी माल आहे. तो म्हणाला, लेका, सरकारने चाखलाय का?

घालवणं सोपं होतं. अंधार पडला की बोट वर यायची आणि आम्ही कचऱ्याची पोती समुद्रात सोडायचो. प्रत्येक पोत्यात लोखंडाचा तुकडा, तरंगून शत्रूला माग लागू नये म्हणून. सहा दिवसांत अडतीस खोकी गेली. त्यांना लोखंडाची गरज पडली नाही.

चूक इथे नाही, पुढे आहे. पाण्याखाली बोट म्हणजे सोनाराचा काटा. कुठल्या खोलीतून किती डबे खाल्ले, किती कचरा फेकला, याची चिठ्ठी स्वयंपाकघराने रोज अॅम्सडेनसाहेबांना द्यायची. ते तेवढंच पाणी त्या टोकाच्या टाकीत घेऊन तोल सांभाळायचे. चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे होतं. मटण फेकलं असं लिहिणार कसा? मी लिहिलं, बटाट्याची सालं, दहा पौंड. सहाही दिवस सालंच.

आणि याच काळात टॅकेट मला तोल शिकवत होता. भाजायच्या पत्र्यावर दोन टोकांना पिठाचे गोळे ठेवायचा, मधे लाटणं. एका टोकाचा गोळा उचलला की ते टोक वर. मी मान डोलवायचो, म्हणायचो कळलं. गोळा उचलणारा हात माझाच आहे, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी, सेलेबीज समुद्रात, एक भलं मोठं मालवाहू जहाज आणि सोबत एक जपानी विनाशिका दिसली. अख्ख्या फेरीतलं पहिलंच सावज. कॅप्टनने पेरिस्कोप वर घेतला, मोटारी मंद केल्या. बोट मंदावली आणि मागचं हलकं टोक निवांतपणे वर निघालं. चारा शोधणारं बदक पाहिलंय ना? डोकं पाण्यात, शेपूट आभाळाला. तसे आम्ही भर उन्हात, दोन्ही पंखे हवेत गरगरत, जपानी नौदलासमोर उभे. एक समुद्रपक्षी आमच्या सुकाणूवर येऊन बसला, असं टॅकेट मरेपर्यंत शपथेवर सांगायचा. तो त्या वेळी बोटीच्या आत होता, पण मीही त्याला कधी अडवलं नाही.

कॅप्टनने सगळ्यांना मागे पळायला सांगितलं. पळणारी माणसं हेच आमचं सगळ्यात चपळ वजन. पन्नास जण मागच्या खोलीत कोंबले गेले, शेपूट खाली आलं, आणि विनाशिका डोक्यावर पोचायच्या आत आम्ही खोल गेलो. मग वरून बॉम्बची पिंपं पडू लागली. दिवे फुटले. माझे सकाळचे पाव फुगायला ठेवले होते, ते बसले.

पिंपांच्या मधल्या शांततेत अॅम्सडेनसाहेबांनी एकेक माणूस पुढे बोलावून तोल जमवला. मागे बारा जण ठेवावे लागले, तरीही बोट वर वर सरकत होती. तिला खाली दाबायला मोटारी जोरात चालवाव्या लागत, आणि विनाशिका तोच आवाज ऐकत होती. पाणी आत घेतलं असतं तर काम झालं असतं. पण साहेबांची पाटी म्हणत होती की बोट हलकी नाहीच. मग त्यांना वाटलं, कुठल्यातरी टाकीत हवा अडकलीये. अशात पाणी घ्यावं आणि ती हवा निसटावी, तर बोट दगडासारखी तळाशी. म्हणून ते थांबले होते, आणि आपलं कुठे चुकलं ते पुन्हा पुन्हा शोधत होते.

मागच्या खोलीत आम्ही बारा जण नेमके त्या रिकाम्या जागेवर बसलो होतो. घामाने जमीन निसरडी. सगळे माझ्याकडे बघत होते.

अखेर टॅकेट कुजबुजला, "इथे आधी काहीतरी होतं ना रे?"

"तूच म्हणालास घालव," मी म्हणालो.

"घालव म्हणालो. खोटं लिही म्हणालो होतो का?"

मला डॉल्फिन दिसले, आर्डिथ दिसली, फ्रीमँटलचं स्वयंपाकघर दिसलं. तिथेही मटणच शिजवावं लागणार होतं. तेवढ्यात एक पिंप अगदी कानाशी फुटलं. मी उठलो.

मी मागून पुढे निघालो तसं बोटीचं नाक खाली जाऊ लागलं. कंट्रोल रूमच्या दारात पोचलो तेव्हा अॅम्सडेनसाहेब उघड्या अंगाने, पाटी छातीशी धरून विचारत होते की मागून हा कोण चालत आला.

"मी आहे साहेब. मागे एकोणीसशे पौंड कमी आहेत."

"माझ्या हिशेबात नाहीत."

"तुमचा हिशेब मी लिहितो, साहेब."

म्हाताऱ्याने हलक्या आवाजात विचारलं, "काय होतं ते?"

"मटण, सर."

"सगळं?"

"सगळं, सर."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, त्याला मी आजही राग म्हणणार नाही. पण साहेबांचा चेहरा कोरडाच होता. त्यांनी पाटी पुसली आणि मला तोच प्रश्न विचारला, शब्दही तेच. "एका टोकाचं वजन घटलं, तर काय करशील?"

या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पत्रा होता, लाटणं होतं, आणि उचललेला गोळा कुणाच्या हातात आहे तेही स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, मागच्या तोलाच्या टाकीत एकोणीसशे पौंड पाणी घ्या. पंप लावू नका, आवाज होईल. झडप जराशी उघडा, बाहेरचा समुद्र आपोआप आत येईल. पाणी भरेल तसे मागचे बारा जण एकेक करून पुढे बोलवा. आणि चिठ्ठीतली साठ पौंड सालं धरू नका, ती सालं नव्हतीच.

"आणि?" साहेब म्हणाले.

मी बोटांवर पुन्हा मोजलं: पाणी, झडप, माणसं, सालं.

"आणि तू स्वतः जागेवर जा. दोनशे दहा पौंड माझ्या दारात उभे आहेत."

झडप उघडली. टॅकेटची माणसं अनवाणी, एकामागून एक पुढे आली. मोटारी मंद झाल्या आणि बोट पाण्यात लटकून राहिली, हलली नाही. विनाशिका डोक्यावरून दळणाच्या घरघरीसारखी गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. दोन तासांनी तिने नाद सोडला. ते मालवाहू जहाज, माझ्या कृपेने, सुखरूप घरी पोचलं असावं.

त्याच दिवशी म्हाताऱ्याने मला बोलावलं. म्हणाला, मटणाबद्दल वर काही कळवणार नाही, नाहीतर सगळ्या बोटी हेच करतील. डॉल्फिनांचा निर्णय मात्र त्याने अॅम्सडेनसाहेबांवर सोडला. साहेबांनी फ्रीमँटल येईपर्यंत तोंड उघडलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की माझी रोजची चिठ्ठी आली की उठून कचऱ्याची पोती स्वतः तोलायचे, एकेक.

धक्क्याला लागलो त्या सकाळी त्यांनी मला मागच्या डेकवर बोलावलं आणि हातावर कापडी डॉल्फिन ठेवले. मी काही बोलायच्या आत टॅकेट आणि त्याची माणसं मागून आली. ज्याला डॉल्फिन मिळतात त्याला कपड्यांसकट बंदरात फेकायचं, ही आमची रीत. त्यांनी मला हातापायांना धरून उचललं. सहा जण लागले. झोका घेताना उलट्या नजरेने मला दोन गोष्टी दिसल्या. एक, धक्क्यावर उभा असलेला ट्रक आणि त्यावर रचलेली ओळखीची खोकी. दुसरी, अॅम्सडेनसाहेब.

ते पाटीवर लिहीत होते: मागचं टोक, दोनशे दहा पौंड, समुद्रात.

ते सहा दिवस माझ्या चिठ्ठ्यांनी त्यांची पाटी खोटी पाडली होती, पण ही नोंद पौंडापर्यंत खरी होती.