बाळंतिणीचं ताट

नागसेनला मुलगी झाली आणि न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ गावातल्या त्याच्या छोट्याशा घरात आठवड्याच्या अंतराने दोन आज्या येऊन उतरल्या. नांदेडहून त्याची आई द्रौपदीबाई, आणि झिम्बाब्वेतल्या हरारेहून सुनेची, रुडोची आई, सेकाई. स्वयंपाकघर मात्र एकच होतं.

द्रौपदीबाईंचं डोकं ऑकलंडच्या विमानतळापासूनच तापलेलं होतं. बाळंतिणीसाठी निवडून-पाखडून आणलेले हळीव, बाहेरचं बी-बियाणं देशात चालत नाही म्हणून, तिथे काढून घेतले होते. आणि घरी येऊन बघतात तर काय, लेकाने सासूसाठी पांढऱ्या मक्याच्या पिठाचं दहा किलोंचं पोतं मागवून ठेवलेलं. त्या पोत्याला वळसा घालून जाताना दर वेळी त्यांच्या कपाळावर आठी उमटायची.

सेकाई रोज दुपारी तेच रांधायची. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला ती साड्झा म्हणे, आणि त्याबरोबर शेंगदाण्याच्या रश्शातली पालेभाजी. बाळंतिणीला शेंगदाणे दिले तर बाळाच्या पोटात कळा येतील, असं द्रौपदीबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बजावलं. आपली पाच मुलं यावरच वाढली, असं सेकाईने मान वर न करता ऐकवलं. रुडोही आईच्याच हातचं खायची. द्रौपदीबाईंचे डिंकाचे लाडू डब्यात कडक होत चालले होते.

शनिवारी सेकाईने सिल्व्हरबीट, ती पालकासारखी रुंद पानांची भाजी, बारीक चिरलं, कांदा-टोमॅटोवर परतलं आणि पाण्यात सैल केलेलं पीनट बटर वर ओतलं. शेजारच्या पातेल्यात ती लाकडी चाटूने पीठ घोटत होती. दंडाला पीळ पडेल असं ते घोटणं. तेवढ्यात आत बाळ रडलं. चाटू तसाच ठेवून ती धावली.

द्रौपदीबाई उठल्या. मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ भाजीत टाकून ढवळलं. आज तरी सून ताट परत पाठवेल, मग आपली मुगाची खिचडी तिच्यापुढे ठेवू, एवढाच हिशेब.

सेकाई परतली. चमच्याने भाजी चाखली आणि थांबली. तिने द्रौपदीबाईंकडे नीट बघितलं. मग एक ताट घेतलं, साड्झाचा गोळा वाढला, वर भाजी घातली आणि ताट टेबलावर ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "पहिलं ताट तुमचं."

"मला भूक नाही."

"बसा."

तीस वर्षं शाळेत पोरांना याच आवाजात बसवलेल्या द्रौपदीबाई बसल्या. सेकाई समोरची खुर्ची ओढून हाताची घडी घालून बसली. पहिल्या घासालाच जिभेला आग लागली. पण उठणं म्हणजे हरणं. त्या घास मोडत राहिल्या, भाजीत बुडवत राहिल्या, गिळत राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

गवत कापून नागसेन आत आला. कढईतली भाजी बोटाने चाखून त्याने ती सिंकमध्ये थुंकली आणि हे काय म्हणून विचारलं.

"तुझ्या आईला विचार," सेकाई म्हणाली.

"मी टाकलं मीठ," द्रौपदीबाई म्हणाल्या.

नागसेनने कढई बाजूला सारली. "आई, बारा दिवसांची बाळंतीण आहे ती. हे तिच्या पोटात जाणार होतं."

"माझं काही तिच्या पोटात जाऊ दिलंत का तुम्ही?"

रुडो दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, नुसता साड्झा वाडग्यात घेतला आणि कुणाकडेही न बघता खोलीत गेली. आतून कडी लागली.

दुसऱ्या दिवसापासून नागसेनने वेळा वाटून दिल्या. दहापर्यंत स्वयंपाकघर आईचं, नंतर सासूचं. दोघी एकमेकींना ओलांडून जात, शब्दही न बोलता. माफी द्रौपदीबाईंनी मागितली नाही. मागावीशी वाटली नाही असं नाही, पण सेकाईसमोर ओठ उघडायचेच नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या निघाल्या, तेव्हा रुडोने बाळ दोन मिनिटं त्यांच्या मांडीवर दिलं. सेकाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत राहिली. नात मोठी झाली की हे तिला कोण सांगेल आणि कसं सांगेल, हाच घोर त्यांना नांदेडपर्यंत पुरला.