तेरवी कोणाची

माणूस गेल्याशिवाय त्याची तेरवी करू नये, एवढी अक्कल कोणालाही असते. आमच्या केयूरला नव्हती. केयूर म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. चांगला शिकला-सवरला आणि फोटोग्राफर झाला, तोही साधासुधा नव्हे. शेंबडी पोरं मोबाइलवर फोटो काढतात त्या काळात हा दीडशे वर्षांपूर्वीच्या रीतीने काचेवर फोटो काढतो. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच लाकडी कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. वाळली की सगळं मुसळ केरात. त्या पाण्याने त्याची बोटं काळी पडलेली असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी त्याच्या हातात साबण ठेवला होता.

दिवाळीत तो अमरावतीला आमच्याकडे आला आणि फराळाच्या ताटावर त्याने बेत सांगितला. मरणावर एक मोठा फोटो काढायचा. चाळीस माणसं तेरवीच्या पंगतीला बसलेली, समोर वाढलेली पत्रावळ, प्रत्येकाचा उजवा हात भातात. वीस आकडे मोजून होईपर्यंत कोणी हलायचं नाही, कारण जो हलला त्याचा काचेवर धूर होतो.

"तेरवी कोनाची?" मी विचारलं.

"सगळ्यांचीच, मामी. जो तो आपापल्या तेरवीले बसला, असं."

शुभ बोल रे नाऱ्या! मी चिवड्याचा डबा उचलून आत निघून गेले. आतून मला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला.

"मी बसतो," हरिहरराव म्हणाले.

आता या माणसाबद्दल सांगायला हवं. सगळी हयात अमरावतीच्या कोर्टात वकिली केली, पण खरा जीव पंगतीत. लग्न असो, मुंज असो, तेरवी असो, नांदगाव खंडेश्वरपासून परतवाड्यापर्यंत यांनी पंगत चुकवली नाही. वरणाची चव घेऊन यजमानाच्या घराण्याबद्दल मत द्यायचे. मग कंपवात झाला. उजवा हात थरथरायला लागला तो थांबेचना. परतवाड्याच्या एका लग्नात कढीचा द्रोण उचलला आणि शेजारच्याच्या मांडीवर सांडला. सगळे आपापल्या पत्रावळीकडे बघत राहिले, तेच यांना लागलं. त्यानंतर ते कुठल्याच पंगतीत बसले नाहीत. घरीसुद्धा स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, चमच्याने जेवायचे. कोणी आलं की ताट सरकवून द्यायचे.

आणि आता बसणार कशात, तर स्वतःच्या तेरवीत!

"हात हालते तुमचा," मी त्यांना म्हणाले. "बाकीच्यायचा फोटो बिघडवान."

"हाले तर हालू दे. तू बाजूले बस. चाळीस वर्षं झाले लग्नाले, एका पंगतीत बसलो काय आपन? मी जेवाले अन् तू वाढाले."

खोटं नव्हतं ते. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. माझी पाळी येईपर्यंत हे पान खाऊन सतरंजीवर लवंडलेले असायचे. पण मी भडकले होते, कारण मला भीती वाटत होती. माझ्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात.

"मी काई तुमच्या तेरवीले बसत नाई," मी म्हणाले. "जित्या नवऱ्याच्या तर नाईच नाई."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी टेबलावर पंजा ठेवून बसायला लागले. मनातल्या मनात आकडे मोजायचे. शेजारची कपबशी खुळखुळायला लागली की डाव्या हाताने ती जरा लांब सरकवायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. मी पेपर वाचत असल्याचं दाखवायची.

फोटो अकोल्याला ठरला, पौषात. गारव्यात काच लवकर वाळत नाही म्हणे. यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मी गेले, पण निळंशार पातळ नेसून गेले. तेरवीला कोणी असं नटून जात नाही. मी तेरवीला आलेली नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, एवढाच माझा हेतू होता.

जागा होती अब्दुल सत्तारांच्या बंद पडलेल्या कापूस जिनिंगचं आवार. सत्तारभाई एकेकाळी यांचे पक्षकार, मग दोस्त. "भाभी, आमच्यात तेरवी नसते, चाळीसावा असते," ते मला म्हणाले. "पन पंगत म्हनल्यावर हा अब्दुल सत्तार कधी मांगं राह्यला काय?"

केयूरचं तोंड मात्र उतरलं होतं. खिडकीच्या तावदानाएवढ्या दोन काचा त्याने आणल्या होत्या, त्यातली एक मूर्तिजापूरच्या खड्ड्यात तडकली. आता एकच उरली होती. फोटो बिघडला तर पुसून तीच काच पुन्हा वापरता येणार होती. पण ठेवायचा झाला तर एकच फोटो राहणार होता.

पातूरचा आचारी शालिकराम याने पंगत वाढली. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, कढी, बुंदी. बायका-पुरुष एकाच ओळीत. यांच्या डावीकडे सत्तारभाई बसले. उजवीकडची पत्रावळ यांनी मांडून, वाढून घेतली आणि तिच्यापुढे कोणाला बसू दिलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी ओळीच्या टोकाला पाण्याचा निळा ड्रम होता, त्याच्या आडोशाला उभी राहिले.

केयूरने काच कॅमेऱ्यात सरकवली. सगळ्यांनी हात भातात ठेवले. त्याने झाकण काढलं आणि मोजायला लागला. माणसं अशी बसली होती की माझ्या अंगावर काटा आला. कोणी श्वास घेत नव्हतं. यांचा हात तेवढा हलत होता, मला इतक्या लांबूनही दिसत होता.

पण शालिकरामला वेगळंच दिसलं. त्याने जन्मभर पंगती वाढल्या. पानं वाढलेली आहेत, हात भातात आहेत आणि कोणी जेवत नाही, हे त्याला बघवेना. तो सवयीने गरजला, "बोला, पार्वतीपते..."

"हर हर महादेव!" चाळीस गळ्यांनी जबाब दिला आणि चाळीस हात चाळीस तोंडांकडे गेले. सत्तारभाईंचाही गेला. कोणीतरी मीठ मागितलं.

केयूरने झाकण लावलं आणि काळ्या बोटांनी डोकं धरलं. शालिकराम झारा घेऊन गयावया करायला लागला. "तोंडातून निंगून गेलं, साहेब." मग जे हसू फुटलं ते आवरेना. केयूर म्हणाला, उजेड कसा आहे ते तरी कळेल, आणि त्याने ती काच धुतली.

पाण्याखाली चित्र वर आलं तसे आम्ही सगळे भोवती गोळा झालो. काचेवर सगळं उलटं येतं, डावं ते उजवं. आख्खी पंगत डाव्या हाताने जेवत होती. "अपसव्य झालं आपोआप," हे म्हणाले. टोकाचा निळा ड्रम दुधासारखा पांढरा आला होता. निळा रंग या काचेला पांढरा दिसतो, असं केयूरने सांगितलं. चेहरे अर्धेमुर्धे होते आणि पत्रावळींवर हात नव्हतेच, नुसता धूर होता.

हे खाली वाकून बघत राहिले.

"केयूर," ते म्हणाले, "यात माया हात कोनता रे?"

केयूरने शोधला. सत्तारभाईंनी चष्मा लावून शोधला. यांची जागा सापडली, पण हात वेगळा सापडेना. सगळ्याच पत्रावळींवर धूर, मग त्यात यांचा कुठला ओळखणार? स्वयंपाकघरात पाठ करून जेवणारा माणूस तिथे चारचौघांसारखा पंगतीत बसला होता. यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"हे पुसू नको," मी केयूरला म्हणाले.

"मामी, हा बिघडला न फोटो."

"बिघडू दे. हाच ठेव."

पुढच्या फोटोत काय होणार ते मला दिसत होतं. यावेळी कोणी हलणार नव्हतं. एकूणएक हात दगडासारखे येणार, धूर एकाच पत्रावळीवर असणार, आणि जो बघेल तो आधी तिथेच बोट ठेवणार. हे कळायला वकिली लागत नाही. यांनाही कळलं होतं.

यांनी काचेवर वाकून आपल्या शेजारची जागा दाखवली. वाढलेली पत्रावळ, मागे कोणी नाही.

"पुस," ते केयूरला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यात तू नाईस."

केयूरने माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला सरकले. त्याने फडकं घेतलं. दोन हात फिरवले आणि काच कोरी झाली.

लोक पुन्हा बसायला लागले. शालिकरामच्या तोंडात सत्तारभाईंनी मूठभर बुंदी कोंबली. मी पंगतीकडे निघाले आणि ड्रमापाशी थबकले. मग माझं माझ्या पातळाकडे लक्ष गेलं.

केयूरच्याही ध्यानात आलं. तो धावत आला. "मामी, कोनाची शाल देऊ काय आनून? हे निळं फोटोत पांढरं..."

"माईत हाये मले. राहू दे."

तेरवीला आले नाही हे दाखवायला जे नेसले, तेच मला पांढऱ्यात बसवणार होतं. दिवाळीपासून जे मी कोणाला तोंडाने उच्चारू दिलं नव्हतं, ते काचेवर उमटणार होतं. पण मला वाटलं, पांढरं नशिबात यायचं असेल तर ते येईल तेव्हा हा माणूस शेजारी नसणार. आज आहे. मी जाऊन यांच्या उजवीकडे मांडी घातली.

"आलीस?" ते म्हणाले.

"वरन आळनी दिसून राह्यलं," मी म्हणाले.

पंगतीत डावा हात पानाला लावत नाहीत. लहानपणी त्यासाठी मी फटके खाल्लेत. केयूरने झाकण काढलं तेव्हा मी माझा डावा हात यांच्या पत्रावळीत घातला आणि भातावर थरथरणाऱ्या त्यांच्या हातावर ठेवला, सगळ्यांदेखत. दाबून धरला तर थांबेल, असं माझं गणित होतं. केयूर मोजत होता आणि मी दाबत होते. हात थांबला नाही. उलट तो कंप माझ्या मनगटातून कोपरापर्यंत चढला. इतकी वर्षं मी तो बाहेरून बघत होते. आतून कसा असतो ते मला माहीत नव्हतं. त्याला दमवून थांबवता येत नाही, समजावून थांबवता येत नाही. मग मी दाबणं सोडलं. आमचे हात त्याला हवे तसे हलू दिले. पंगतीत कोणी हललं नाही.

काच धुतली तेव्हा सगळ्यात आधी मला मी दिसले. पांढरी. बघवेना, पण बघितलं. बाकी सगळे जुन्या तसबिरींतल्या माणसांसारखे स्तब्ध होते, सत्तारभाई, बायका, पोरं, एकेक बोट स्पष्ट. आणि आम्हा दोघांच्या मध्ये, एका पत्रावळीवर, धूर.

"आता सांग," हे म्हणाले. "यात माया कोनता?"

मी पाहिलं. खरंच सांगता आलं नाही.

काच केयूर प्रदर्शनाला घेऊन गेला. तिची मोठी नक्कल आमच्या बैठकीत लावली आहे. हे आता तिच्याखाली बसून जेवतात, सगळ्यांसमोर. सांडतं, मी पुसते. नवीन माणूस आला की आधी भिंतीकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या पातळाकडे, मग खाली जेवत बसलेल्या यांच्याकडे, आणि गोंधळतो.

"तेरवी कोनाची होती हो?" असं परवा एकाने विचारलंच.

"आमची," मी म्हणाले. "बसा, तुमालेबी वाढते."