एका तासाची नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत खुणा, आणि जन्मभराचे काम एकच: पोटात रक्त घेऊन तासभर ताठ उभे राहायचे. माझ्या तपासणीला ईएसआर म्हणतात. उभ्या नळीत रक्तातल्या लाल पेशी हळूहळू खाली बसतात. अंगात कुठे सूज असेल तर त्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर उतरतात. तासाभरात किती उतरल्या, तेवढे मी सांगते. सूज कुठे आणि कशाने, ते मला विचारू नका. ते शोधायचे डॉक्टरांनी.

मला भट्टीतून ओढून काढले तेव्हा वाटले होते, आपल्यात अत्तर भरतील. नशिबी आले रक्त. पण रोज नवा माणूस, नवे कोडे. मला कधी कंटाळा आला नाही.

एकदा एका शिंपीकाकांचे रक्त माझ्यात भरले. कानशिलात ठणका, घास चावताना जबड्यात कळ, आणि डाव्या डोळ्यापुढे मधूनच अंधारी. डॉक्टरीणबाईंना डोक्याच्या शिरेला सूज असल्याची शंका होती. तसे असेल तर डोळे जातात, आणि शिंप्याचे पोट डोळ्यांवर. तास भरला. आकडा आला अठ्ठावीस, म्हणजे वयाच्या मानाने ठीक. निकाल घ्यायला आलेल्या काकांचा जीव भांड्यात पडला. साधी डोकेदुखीची गोळी घेऊन ते घरी निघालेसुद्धा.

रक्त तपासणाऱ्या ताई मात्र बेचैन झाल्या. रक्त आदल्या दुपारचे होते, रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेले. शिळ्या, गार रक्तातल्या पेशी रेंगाळतात, हे त्यांना तोंडपाठ होते. तरी घाईत त्यांनी ते तसेच भरले होते. गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलेही नसते. त्या उठल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तो आकडा धरू नका, डॉक्टर. रक्त कालचं होतं. चूक माझी आहे."

काकांना फाटकातून परत बोलावले. ताजे रक्त, पुन्हा एक तास. ताई जेवायलाही न जाता माझ्यासमोर बसून राहिल्या. या वेळी आकडा आला ब्याण्णव. सुजेवरचे औषध त्याच दुपारी सुरू झाले.

उजवा डोळा वाचला. डावा अंधुकच राहिला. ताई माफी मागायला गेल्या तेव्हा काका म्हणाले, "पोरी, तू बोललीस म्हणून हा एक तरी उरला."

आता माझे काम यंत्र करते आणि मी कपाटात पडून असते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण रक्त आजचे की कालचे, हे त्या हुशार यंत्रालाही आपणहून कळत नाही. म्हणून मित्रांनो, आकड्यावर विश्वास जरूर ठेवा. फक्त त्याआधी एवढे विचारा, की रक्त कधी काढले होते.