काबूलचं मस्तक

माझे सासरे दादासाहेब अँटिक फेअरमधून बुद्धाचं दगडी मस्तक घेऊन आले, तेव्हा मी कपाळावर हात मारला. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या टीचभर घरात आधीच जागेची बोंब! पण ते म्हणाले, "सुलक्षणा, चहाच्या किटल्यांच्या रांगेत तथागत ठेवला होता गं. तसाच टाकून येऊ?" तालिबानने अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या, त्या दिवशी हा माणूस जेवला नव्हता. मी जागा करून दिली.

मस्तक लाउंजमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बसलं. दर रविवारी पार मेडनहेडहून मंडळी वंदनेला यायची, दादासाहेब पंचशील सांगायचे. म्हातारा नुसता खुलला होता.

२००७च्या बुद्धपौर्णिमेआधी मस्तक पुसताना मला मानेखाली पांढऱ्या रंगातला एक जुना नंबर दिसला. माझ्या नवऱ्याने, उदयने, त्याचा फोटो लंडनच्या म्युझियममधल्या एका बाईंना पाठवला. त्या थेट घरीच आल्या. नंबर काबूलच्या म्युझियमचा होता. तिथल्या लढाईत मस्तक लुटलं गेलं होतं.

"म्हणजे परत द्यावं लागणार?" मी विचारलं.

"जबरदस्ती कोणी करेल असं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "युद्धात अशा वस्तू जपायचा हेगचा करार आहे, १९५४चा. ब्रिटनने सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. शिवाय तुम्ही अजाणता घेतलंय."

पन्नास वर्षं! गोऱ्या साहेबाचं सगळंच निवांत. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. "ऐकलंत ना दादासाहेब? चोरी आपण केलेली नाही. राहू दे."

दादासाहेबांनी चष्मा लावून तो नंबर पुन्हा वाचला.

रविवारी मंडळी जमली. दादासाहेबांनी पहिलं शील सांगितलं आणि दुसऱ्याला थांबले. वय झालं, विसरले असतील, म्हणून मी हळूच शब्द सुचवला.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "हे शील नुसतं चोरी करू नका म्हणत नाही. कोणी दिलेलं नाही ते घेऊ नका म्हणतं. हे आपल्याला काबूलच्या लोकांनी दिलं होतं का?"

माझा संताप झाला. "तुम्हीच आणलंत, तुम्हीच रोज मेणबत्ती लावलीत, आणि आता..." पुढे मला रडूच फुटलं.

पुढच्याच आठवड्यात म्युझियमच्या बाई मस्तक न्यायला आल्या. काबूल शांत होईपर्यंत मस्तक लंडनला सांभाळणार होते. दादासाहेबांनी ते आपल्या शालीत नीट गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं.

"शाल पोस्टाने परत पाठवते," बाई म्हणाल्या.

"नको," दादासाहेब म्हणाले. "ती मी दिली आहे."