घोड्याची पावलं

लेकीने दिलेलं घड्याळ मनगटावर बांधून कुबात पहिल्या दिवशी घोड्या चारून आला. अंगणात तो खोगिरावरून उतरतो न उतरतो तोच घड्याळ गुरगुरलं. काचेवर हिरवं वर्तुळ फिरलं आणि रशियन अक्षरं उमटली: शाब्बास, आज तुम्ही भरपूर चाललात. कुबातने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. सकाळपासून त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. चालला होता तो घोडा, तोही दुडक्या चालीने, आणि आता बिचारा घामाघूम होऊन तबेल्यापाशी उभा होता. त्याला कुणी शाब्बास म्हटलं नाही.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गेल्या साली पानगळीच्या सुमारास कुबात चक्कर येऊन घोड्यावरून पडला होता. तेव्हापासून त्याची लेक बेगिमाय हट्टाला पेटली होती. ती बिश्केकला औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि तिचं म्हणणं असं की घोड्या विकून आईबापांनी शहरात तिच्याकडे यावं. कुबातने आदळआपट केली. उन्हाळा लागला की डोंगरावरच्या कुरणात, जायलोवर, तंबू ठोकायचा, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक होतं. जायलोशिवाय उन्हाळा काढायचा म्हणजे त्याच्या मते नुसतं मरणाची वाट बघत बसायचं. शेवटी बापलेकीत तह झाला. वर्षाचं पहिलं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, चाखायच्या दिवसापर्यंत घड्याळ वापरायचं. त्यात जे दिसेल ते बेगिमायच्या फोनवरही दिसणार. सगळं ठीक निघालं तर खुशाल जायलोवर जा, नाही तर शहर. शिवाय हे यंत्र आपल्या रोजच्या कामाचं आहे की नाही हेही बघा, नसेल तर परत करू, असंही तिने बजावलं होतं.

हे शेवटचंच तर कुबातला कळेना. उंचवट्यावर बसून घोड्यांवर नजर ठेवणं हे त्याचं काम, तर घड्याळ म्हणे, फार वेळ बसलात, उठा. पहाटे धार काढायला उठला तर म्हणे, झोप पुरी झाली नाही. एक घोडी घळीत भरकटली, तेव्हा तो लगाम हातात धरून पायी वर चढला. दोनदा थांबला, धाप लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या दिवशी घड्याळाला त्याचं चालणं दिसलंच नाही. लगाम धरलेला हात हलत नव्हता ना!

शेजारच्या शामशीला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "आयत्या बिळावर नागोबा झालास की रे! पाय घोड्याचे आणि कौतुक तुझं. पुढच्या खेपेला त्याच्याच पायात बांध, म्हणजे शहरात तोच जाईल."

तिकडे बेगिमाय मात्र खूश होती. आके, म्हणजे बाबा, किती चालतात, असं ती आईला फोनवर सांगायची. कुबात ऐकायचा आणि मान खाली घालायचा. जायलो मिळणार म्हणून बरंही वाटायचं आणि मनात कालवाकालवही व्हायची. आपण धडधाकट आहोत की नाही, हे त्याला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. पण ते सांगणार कोण? छाती एक सांगत होती आणि मनगट दुसरं.

मग एक दिवस अवेळी हिमवर्षाव झाला. घोड्या तबेल्यातच राहिल्या, दुडकी चाल बंद. दुपार कलली तरी हिरवं वर्तुळ पुरं होईना. कुबात खिडकीपाशी येरझाऱ्या घालू लागला, पण दोन खोल्यांचं घर ते केवढं. दाराशी त्याची बायको सायराकान चामडी बुधल्यात कुमिस ढवळत बसली होती. लांब दांड्याची रवी वर-खाली, वर-खाली. त्या घराचा रिवाज असा की दारातून जो आत येईल त्याने रवीला चार हात मारल्याशिवाय बसायचं नाही. कुबातने हात मारले तसं घड्याळाचं वर्तुळ सरकलं. त्याचे डोळे लकाकले. स्वतः ढवळत बसायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने घड्याळ काढून बायकोच्या मनगटावर बांधलं.

"अहो, हे काय भलतंच?"

"तू ढवळ गं. तुझ्या हाताने मी थोडा चालतो."

दोघंही हसली. वर्तुळ भराभर फिरू लागलं आणि कुबात चहा घेऊन ऐटीत बसला. तेवढ्यात घड्याळ वेगळंच गुरगुरलं, लांब आणि थांबत थांबत. काचेवर लाल हृदय लुकलुकलं. अक्षरं सांगत होती की हृदयाचे ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना भेटा. सायराकानने नाक मुरडलं. ढवळताना हात हलतो, ठोके हलणारच, असं म्हणून ती पुन्हा रवी मारू लागली. पण लगेच फोन वाजला.

"आके, छातीत काय होतंय?" बेगिमायचा आवाज कापत होता.

काही नाही, बर्फ पडतोय, असं काहीतरी कुबात पुटपुटला. ती ऐकेना. कुमिसच्या दिवशी मी येतेच आहे, तुम्हाला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जाणार, तोवर घोड्यावर बसायचं नाही, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

कुबातने बायकोच्या मनगटावरचं घड्याळ काढलं. मग त्याने घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं आणि दम लागेपर्यंत कुमिस ढवळलं. घड्याळ म्हणालं, शाब्बास. मग त्याने सायराकानला चहा देऊन गादीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावला आणि घड्याळ तिला बांधलं. बायको जागची हलली नाही, आणि थोड्या वेळाने तेच लाल हृदय पुन्हा लुकलुकलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

सायराकान कपाकडे बघत राहिली. "हिवाळ्यापासून मधेच धडधडतं. मग थांबतं."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर बेगिमाय तिथल्या तिथे आपल्याला उचलून घेऊन गेली असती. तुमचं जायलो गेलं असतं." तिने घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं. "तिला सांगा, हे आपल्या कामाचं नाही. घोड्याची पावलं तुमची म्हणून मोजतं, रवी मारली तरी चाललात म्हणतं. खोटं कुठे आहे त्यात? ती हसेल, हे परत करेल, आणि आपण वर जाऊ. एक उन्हाळा, एवढंच. मग दाखवू डॉक्टरला."

कुबातने घड्याळ खिशात टाकलं. घड्याळ खोटारडं म्हणावं तर लाल हृदयही खोटं, मग बायको ठणठणीत आणि जायलो आपलं. खरं म्हणावं तर हिरवं वर्तुळही खरं, आपणही ठणठणीत, पण बायको आजारी. चालणं खोटं आणि काळीज खरं, असं एकाच यंत्राचं अर्धं-अर्धं कुठल्या न्यायाने मानायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो रोज घोड्यांना चारा टाकताना हाच विचार करायचा आणि रोज होता तिथेच यायचा. सायराकान विहिरीवरून येताना मधेच कठड्याला टेकायची. हिवाळाभर ते त्याने पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. त्याला स्वतःचा राग आला.

कुमिसच्या दिवशी घर भरलं. आल्या आल्या प्रत्येकाने रवीला हात मारले, सर्वांत थोराने दुवा दिली, वाडगे फिरू लागले. बेगिमाय दारातच बापाच्या गळ्यात पडली आणि लगेच त्याची नाडी चाचपू लागली. ती डॉक्टरांचं नाव काढणार तोच शामशीने तोंड उघडलं. घोडा किती चालला आणि कौतुक कुणाचं झालं, हे त्याने असं रंगवून सांगितलं की म्हाताऱ्यांच्या दाढ्यांवरून कुमिस ओघळलं. सायराकाननेही रवीची गोष्ट जोडली. आपल्या हाताला घड्याळ होतं, हे तेवढं सांगितलं नाही.

बेगिमाय आधी कपाळावर हात मारून घेत होती, मग तीही हसायला लागली. बऱ्याच दिवसांची भीती तिच्या चेहऱ्यावरून उतरली.

"म्हणजे ते लाल हृदयसुद्धा त्या रवीचंच! आणि मी रात्र रात्र जागतेय." तिने हात पुढे केला. "द्या ते इकडे, परत करते. तुम्ही तर चांगले दिसताय. जा एकदाचे त्या जायलोवर."

झालं. मागितलं ते सगळं मिळालं होतं. शामशीने पाठीवर थाप मारली. सायराकान कुमिस वाढत होती, तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली. कुबातने खिशातून घड्याळ काढलं, पण लेकीच्या हातावर ठेवलं नाही.

"परत नको करूस," तो म्हणाला. "पावलं घोड्याचीच होती. पण ते लाल हृदय रवीचं नव्हतं, पोरी, आणि माझंही नव्हतं. घड्याळ तुझ्या आईच्या हातात होतं. नुसती बसली होती तरी ते पुन्हा उमटलं."

सायराकानच्या हातातली पळी थांबली. "अहो," एवढंच ती म्हणाली. बेगिमाय आईकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. पाहुणे आपापल्या वाडग्यात बघू लागले.

यंत्र खरं बोलतं की खोटं, हे कुबातला अजूनही कळलं नव्हतं. त्याने बायकोचा हात आपल्या हातात घेतला, घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं आणि पट्टा एक भोक आवळला. मग शामशीला म्हणाला, "यंदा माझ्या घोड्या तुझ्याबरोबर वर ने."

कुबात उठला, दाराशी गेला आणि रवी हातात घेतली. रिवाज चार हातांचा होता. तो मात्र बराच वेळ ढवळत राहिला.