सोड म्हणेपर्यंत

कारखान्यात लेथ चालवायचा म्हणून सगळे त्याला टर्नर म्हणत. टर्नरच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक बदलायचा, हे बायको होती तेव्हाच ठरलं होतं. डिस्क बशीएवढी, तिला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरला एकच पिस्टन, आणि रबरी पाइप इतका पिचलेला की लिव्हर दाबलं की ब्रेक लागायच्या आधी पाइपच फुगायचा. बायको मागे बसून म्हणायची, "अहो, गाडी थांबतेय की विचार करतेय?" ती गेली आणि ब्रेक तसाच राहिला.

मग लेकीला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, रोज तो वळणावळणाचा उतार उतरायचा, आणि तोही आई मागे बसायची त्याच गाडीवर. दुसऱ्या गाडीचं नाव काढू देईना. तेव्हा कुठे टर्नर हलला. मोठी डिस्क आणली, दोन पिस्टनचं कॅलिपर आणलं, स्टीलच्या जाळीचा पाइप आणला, हँडलवर बसणारी तेलाची नवी टाकी लिव्हरसकट आणली. कॅलिपर धरणारी पट्टी त्याने स्वतः लेथवर घडवली. शनिवारी दुपारी सगळं जागेवर बसलं. राहिली फक्त ब्रेकच्या तेलातली हवा काढायची.

हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून कॅलिपरवरची निपल, म्हणजे तेल सोडायचा पोकळ स्क्रू, ढिली करायची, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळली की मगच वरच्याने सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत.

त्या घरात या कामाचे दोन शब्द होते. तो म्हणायचा "दाब", आणि आवळून झालं की म्हणायचा "सोड". एकदा मध्येच फोन वाजला म्हणून तो आत गेला आणि गप्पात रमला. पंधरा मिनिटांनी बाहेर येतो तर बायको तशीच उभी, लिव्हर धरून, लालबुंद.

"मी काय तुमच्या कारखान्यातला लोखंड आवळून धरणारा वाइस आहे?"

"अगं, सोडायचं ना मग!"

"तुम्ही म्हणालात सोड? नाही ना? मग?"

तेव्हापासून तो कधी विसरला नव्हता. म्हणजे गाडीच्या बाबतीत तरी.

आज एकट्याने काम भागवायचं म्हणून त्याने जुन्या ट्यूबची पट्टी लिव्हर बांधायला कापून ठेवली होती. पण पाटावर बसला, निपलवर पाना लावला, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "दाब."

वर लिव्हर करकरलं. त्याने निपल सैल केली. निपलला लावलेल्या नळीतून बुडबुड्यांची माळ सुटली.

लेक बूट घ्यायला गेली होती. आली वाटतं, असं म्हणून त्याने आवळलं. "सोड." लिव्हर सुटलं. "दाब." पुन्हा बुडबुडे. असं आठ-नऊ वेळा झालं. हात आपोआप चालत होते. कितीतरी महिन्यांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. शेवटी नुसतं स्वच्छ तेल आलं. त्याने निपल घट्ट आवळली आणि विचारलं, "मिळाले का बूट?"



तो गुडघ्यावर हात टेकून उठला. हँडलपाशी कुणी नव्हतं. फाटक बंद होतं. लिव्हर मात्र मुठीला चिकटेपर्यंत दाबलेलं होतं. ट्यूबची पट्टी खाली तशीच पडली होती. नव्या लिव्हरवर खोक्यातली पांढरी भुकटी होती, आणि त्या भुकटीत तीन पट्टे पुसले गेले होते. चार नाही, तीन. बायकोचं पहिलं बोट लहानपणी दारात चेंगरून ताठ झालेलं, ती नेहमी तीन बोटांनीच धरायची. ब्रेकचा मागचा लाल दिवा पेटलेला होता. किल्ली टर्नरच्या खिशात होती.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आला. दोन्ही हातांनी लिव्हर ओढलं, टाकी उघडून तेल परत यायचं भोक तपासलं, शेवटी घाम पुसत मागे सरला.

"टर्नर, न दाबणारी लिव्हरं मी पोत्याने पाहिलीत. न सुटणारं हे पहिलंच. काय जादू केलीस?"

"असू दे," टर्नर म्हणाला. "मी बघतो."

बघायचं काय होतं? कुठला शब्द हवा ते त्याला ठाऊक होतं. पण तो म्हटला की पुढे काय, हेही ठाऊक होतं. रविवारी दिवसभर तो पाटावर बसून राहिला. मधूनच लिव्हरला हात लावायचा. ते कोमट असायचं.

बायको गेली तो दवाखान्यातला दिवस त्याने लेकीलाही सांगितला नव्हता. खाली कागदावर सही करायला बोलावलं होतं. बायकोची बोटं पलंगाच्या कठड्यावर ठेवून तो म्हणाला होता, "हे धर. मी आलोच. मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही." खाली रांग होती. वर आला तेव्हा नर्स म्हणाली, "गेल्या हो. पण बोटं काही सुटेनात कठड्यावरची."

दिवस कलायला लागला तशी लेक बाहेर आली.

"बाबा, झालं का?"

"अजून थोडं."

"कालपासून थोडंच आहे. नसेल जमत तर मिस्त्रीकाका जुना ब्रेक परत लावून देतो म्हणालेत. मी त्यांना बोलावते."

"जुना? त्या उतारावर?"

"मग काय करू? उद्या सातला निघायचंय मला." ती फोन आणायला आत गेली.

टर्नर खाली वाकला. निपलला पाना लावून पाहिला. घट्ट होती. काम पद्धतशीर व्हायला हवं, नाहीतर ती ऐकून घेणार नाही.

"आवळलं," तो म्हणाला. पाना खाली ठेवला.  "तेव्हा म्हणायचं राहिलं माझं. रांग होती गं. सोड आता. सोड."

काही हललं नाही. मग हलकेच एक टक झालं. थोड्या वेळाने दुसरं. तिसऱ्याला फार वेळ लागला. मग लिव्हर बाहेर आलं, मागचा दिवा विझला, आणि पुढचं चाक जरासं फिरून थांबलं.

लेक फोन घेऊन धावत आली. "कुणाशी बोलत होतात?"

"हवा काढत होतो."

तिने लिव्हर दाबून पाहिलं. "वा! दगड आहे नुसता." मग हात झटकून बोटांकडे पाहिलं. "पण गरम कसं हे?"

"उन्हात होतं," टर्नर म्हणाला. गाडी दिवसभर सावलीत होती.

सोमवारी सातला ती निघाली. तो फाटकात उभा राहिला. कोपऱ्यावर तिने ब्रेक दाबला, गाडीचा मागचा लाल दिवा लागला. टर्नरने फाटकाचा गज घट्ट धरला.

दिवा विझला. ती वळली. आणि मग बऱ्याच वेळाने त्याने गज सोडला.